लक्ष्मी रोडला पार्किंग नकोय

लक्ष्मी रोडचा विषय निघाला की पहिल्या तीन वाक्यांत 'पार्किंग' हा शब्द येतो. पैज लावा हवं तर. दुकानदार म्हणतो, गिऱ्हाईक येत नाही कारण पार्किंग नाही. गिऱ्हाईक म्हणतं, आम्ही जात नाही कारण पार्किंग नाही. निवडणुकीला उभा राहिलेला म्हणतो, मला निवडून द्या, पार्किंग देतो. एवढं एकमत पुण्यात दुसऱ्या कुठल्या विषयावर असेल तर मला दाखवा. आणि पुण्यात सगळ्यांचं एकमत झालं की समजावं, कुठंतरी काहीतरी हुकलंय. :-)

माझं म्हणणं अगदी उलटं आहे. लक्ष्मी रोडला पार्किंग नकोय. जे आहे तेही काढा. त्या रस्त्याला हवाय तो कुणीतरी चालवणारा. आज तिथं दुकानं चालवणारे शेकडो आहेत, रस्ता चालवणारा एकही नाही, आणि सगळं दुखणं तिथं आहे.

जी मंडळी नागपूर-लातूर-जळगावहून येऊन हिंजवडी किंवा खराडीत स्थिरावली आहेत आणि ज्यांचं पुणं हायवेपाशी सुरू होऊन मॉलपाशी संपतं, त्यांच्यासाठी थोडक्यात. अलका टॉकीजच्या चौकातून पूर्वेला निघायचं, विजय टॉकीज, कुंटे चौक करत बेलबाग चौकापर्यंत. जेमतेम एक-सव्वा किलोमीटर. पुढे तो सोन्या मारुती आणि नाना पेठेपर्यंत जातो, पण बाजार म्हणून लोकांच्या डोक्यात असतो तो हा तुकडा. साड्या, सोनं, कापड, तयार कपडे, मुंजीचं सामान. मध्येच उजव्या हाताला वळलात की तुळशीबाग, जिथल्या राममंदिराचं काम १७६१ साली सुरू झालं आणि ज्याच्या भोवती पोळपाट-लाटण्यापासून टिकल्यांपर्यंत सगळं मिळतं. अजून दोन मिनिटं चाललात की मंडई, १८८६ सालची. देव, भाजी, सोनं आणि प्लॅस्टिकची चाळणी दहा मिनिटांच्या चालण्यात. असला बाजार पाचशे कोटी ओतून कुणाला नव्याने बांधता येणार नाही.

'लक्ष्मी रोड म्हातारा झालाय' हे दिवाळीच्या आधीच्या रविवारी गेलात तर कुणी मानणार नाही. मार्चमधल्या एखाद्या मंगळवारी जा. दुपारी चार वाजता. काउंटरवरची मुलं मोबाईल बघत बसलेली, वरच्या मजल्यांच्या खिडक्या बंद, दोन दुकानांआड एक 'भाड्याने देणे आहे'. दुकानांचे मालक साठीच्या पुढचे. गल्ल्यावर बसायला मुलगा तयार नाही, कारण तो माझ्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये बसतो. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्यावरून आपण आयुष्यभर विनोद केले. चितळ्यांनी २०१७ साली दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली आणि विनोदाची मुदत संपली. दुकानं उघडी आहेत हो. माणसं कमी झालीयेत.

आता पार्किंगकडे येऊ. इंटरव्ह्यूला विचारतात ना, 'शहरात पेट्रोल पंप किती असतील सांगा', तसा हा ढोबळ हिशेब. आकडे माझे आहेत, पटले नाहीत तर आपापले घाला.

रस्त्याची एक बाजू, शंभर मीटर लांब. पुढच्यामागच्या जागेसकट एका कारला सहा मीटर धरा. सोळा गाड्या बसल्या. प्रत्येक गाडी दोन तास थांबते आणि दुकान दहा तास उघडं असतं, म्हणजे दिवसाला ऐंशी गाड्या. मी उदार माणूस आहे, प्रत्येक गाडीत तीन माणसं बसवतो. झाली दोनशे चाळीस. आता त्याच शंभर मीटरमध्ये बारा फुटी दर्शनी भागाची दुकानं किती? सुमारे सत्तावीस. दोनशे चाळीस भागिले सत्तावीस. एका दुकानाच्या वाट्याला दिवसाला नऊ माणसं!! आणि ही सगळं आदर्श चाललं तर. एकाही गाडीने जास्त वेळ जागा अडवली नाही, एकही टेम्पो मध्ये आडवा लागला नाही तर. या नऊ माणसांसाठी आपण सगळ्या रस्त्याची एक कड देऊन टाकतो आणि मग चालणारा माणूस उरलेल्या जागेतून रिक्षा चुकवत, हातातली पिशवी छातीशी धरून, कडेकडेने सरकत राहतो.

'अहो पण पुण्यात कार कुठे, सगळ्या दुचाक्या.' बरोबर. दुचाकीला पाऊण मीटर धरा. शंभर मीटरमध्ये एकशे तेहतीस. आता सत्तावीस दुकानांत मालक एक आणि कामाला तीन जण धरले तर माणसं झाली एकशे आठ. ही मंडळी येतात कशाने? सकाळी शटर उघडायच्या वेळी लागलेली आणि रात्री शटर पडल्यावरच निघणारी गाडी गिऱ्हाइकाची नसते, एवढं तर मान्य कराल? म्हणजे गिऱ्हाइकासाठी उरल्या पंचवीस जागा. लक्ष्मी रोडवर पार्किंग नाही असं नाही, पार्किंग आहे आणि ते दुकानदारांनीच भरलंय. (कामाला येणाऱ्या पोरांना दोष देत नाही. धायरीहून किंवा कात्रजहून रोज साडेदहाला पोचायचं तर ती बिचारी दुसरं काय करतील. त्यांच्या गाडीची सोय करणं हा वेगळा प्रश्न आहे आणि तो सुटण्यासारखा आहे. मंडईच्या आसपास बहुमजली वाहनतळ आहेत, तिथं दुकानांनी मिळून महिन्याचे पास काढले तर काय बिघडेल?)

महापालिकेने २०१८ साली रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावायचं धोरण मंजूर केलं. केवढी बोंबाबोंब झाली तेव्हा! मग ते मोजक्या रस्त्यांपुरतं छाटलं गेलं आणि नंतरची कितीतरी वर्षं कागदावरच राहिलं. रस्त्यावरची दहा-बारा चौरस मीटर जागा, जिच्या शेजारच्या दुकानाचं भाडं ऐकून आपल्याला घेरी येईल, ती आपण गाडीला फुकट देतो. पण त्याच जागेत गजरे विकायला बसलेल्या बाईची टोपली मात्र अतिक्रमण विभाग उचलून नेतो. याला नियोजन म्हणतात.

आता एक आक्षेप, जो मला खरोखर वजनदार वाटतो. बस्ता. बारामती किंवा जुन्नरहून एक कुटुंब लग्नाचा बस्ता बांधायला येतं. दोन गाड्या, दहा माणसं, त्यात दोन म्हाताऱ्या, एक तान्हं मूल. त्यांनी एका दिवसात केलेली खरेदी म्हणजे दुकानाची आठवड्याची कमाई असू शकते. 'तुमचे चालणारे लोक टिकल्या घेतात, आमचं घर बस्त्यावर चालतं,' असं एका दुकानदारकाकांनी मला सुनावलं होतं आणि त्यात तथ्य आहे. पण मग विचार करा, ही दहा माणसं एकाच दुकानात जातात का? साड्या एका ठिकाणी, सोनं दुसरीकडे, नवरदेवाचे कपडे तिसरीकडे, भांडी तुळशीबागेत, मध्ये कुठंतरी जेवण. दिवसभर चालतच असतात ती. त्यांना लागतं काय? गाडीतून उतरायला पाच मिनिटांची जागा, म्हाताऱ्यांना टेकायला बाक, सामान एका ठिकाणी जमा करून शेवटी गाडीपर्यंत पोचवणारा पोऱ्या, आणि संडास. दुकानासमोर आठ तास उभी असलेली गाडी यातलं काहीही देत नाही. पण ही चार साधी कामं एकटा दुकानदार करू शकत नाही. सगळ्यांनी मिळूनच करावी लागतात. इथं घोडं पेंड खातं.

संडासाचं लिहितोच, कारण त्यावर कुणी बोलत नाही. लक्ष्मी रोड आणि तुळशीबाग हा बायकांचा बाजार. दिवसभरात हजारो बायका तिथं तीन-तीन, चार-चार तास फिरतात. त्यांच्यासाठी स्वच्छ, दिवा असलेलं, कडी लागणारं स्वच्छतागृह किती आहेत ते एकदा मोजा. माझी बहीण तुळशीबागेत जायचं असलं की सकाळपासून पाणी कमी पिते. तिच्या सगळ्या मैत्रिणीही हेच करतात. मॉलमध्ये पोरगी तीन तास रेंगाळते आणि तुळशीबागेतून दीड तासात निघते, याचं कारण एसी आहे असं आपण समजतो. कधी तिलाच विचारा.

मॉलचा विषय आलाच आहे तर. आपण लोक विमाननगरच्या मॉलमध्ये जातो तेव्हा गाडी तळघरात लावतो, पैसे देऊन लावतो. मग लिफ्ट शोधतो, वर येतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फेऱ्या मारतो. दोन-तीन किलोमीटर सहज होतात, पायातल्या पट्ट्याला विचारा. तिथं कुणी म्हणत नाही, शर्टाच्या दुकानासमोर गाडी लावता आली पाहिजे. म्हणजे चालायला आपली ना नाही. मॉलला जमतं आणि लक्ष्मी रोडला जमत नाही याचं कारण मॉलला एक मॅनेजर आहे. माल कधी उतरवायचा, कचरा कधी न्यायचा, दुकानाबाहेर पुतळे मांडायचे की नाहीत, कुठला मजला रिकामा पडलाय आणि तिथं काय आणायचं, हे तो ठरवतो आणि दुकानदाराला ते ऐकावं लागतं.

लक्ष्मी रोडवर काय आहे? रस्ता महापालिकेच्या पथ विभागाचा. वाहतूक पोलिसांची. पथारीवाले अतिक्रमण विभागाकडे. कचरा घनकचऱ्याकडे. खांबावरच्या तारांचं जंजाळ कुणाकुणाचं. जमिनीखाली महामेट्रो. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक टीम तिकीट उघडते, 'आमच्या मॉड्यूलचा प्रॉब्लेम नाही' म्हणून दुसऱ्याकडे ढकलते आणि महिन्याअखेरीस सगळ्यांचे डॅशबोर्ड हिरवेगार. प्रॉडक्ट बंद पडलंय हे फक्त वापरणाऱ्याला माहीत. व्यापाऱ्यांच्या संघटना आहेत, पण त्या जमतात बहुधा कशाच्या तरी विरोधात. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं महापालिका प्रशासकाच्या हातात होती, तेव्हा तर कुणाची गचांडी धरायची तेही कळत नव्हतं.

आता आमच्या लाडक्या डेमोविषयी.

११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने पादचारी दिन साजरा केला. लक्ष्मी रोडचा एक तुकडा दिवसभर गाड्यांना बंद. रस्त्यावर रांगोळ्या, खेळ, गाणी, बसायला जागा. लोक आले, मुलं रस्त्याच्या मधोमध धावली, फोटो निघाले. नंतरच्या वर्षीही तोच दिवस पाळला गेला. चांगला होता, मी नावं ठेवणार नाही. पण १२ डिसेंबरला काय झालं? काहीही नाही. पुन्हा त्याच गाड्या, तेच हॉर्न. आपल्या धंद्यात ज्याने कधी क्लायंटला डेमो दिलाय त्याला हा प्रकार पाठ असेल. एका लॅपटॉपवर, एका डेटासेटवर, एकच बटण दाबायचं, दुसरं चुकूनही नाही. टाळ्या. आणि वर्षभराने पुन्हा तोच डेमो, प्रॉडक्शनला काहीही गेलेलं नाही. डेमोचा तोटा असा की दोन्ही बाजू आपापल्या समजुती घेऊन घरी जातात. महापालिकेला वाटतं, बघा किती लोक आले. दुकानदाराला वाटतं, बघा, गर्दी होती पण माझ्या दुकानात कोण शिरलं? आणि दोघांकडेही आकडा नाही, कारण एका दिवसाने काहीच सिद्ध होत नाही. नवी वहिवाट पडायला आठवडे लागतात. गिऱ्हाइकाला कळायला हवं की दर शनिवार-रविवारी संध्याकाळी हा रस्ता मोकळा असतो, आईला घेऊन जाता येतं.

'पुणेकर गाडीशिवाय येणारच नाहीत' असं म्हणणाऱ्यांना मी फक्त अनंत चतुर्दशी आठवून देतो. मानाचे पाच गणपती याच रस्त्याने अलका चौकात येतात, चोवीस तासांहून जास्त वेळ तिथं चाक फिरत नाही, आणि लाखो माणसं कुठून कुठून चालत येऊन उभी राहतात. म्हणजे पोलिसांना रस्ता बंद करता येतो, अँब्युलन्सची वाट ठेवता येते, वाहतूक वळवता येते. आराखडे तयार आहेत. दरवर्षी धूळ झटकून वापरतात.

आणि आता तर मेट्रो आहे. २९ सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला, त्यात कसबा पेठ आणि मंडई ही स्टेशनं. पिंपरीहून थेट आणि कोथरूडहून एकदा गाडी बदलून माणूस मंडईला येतो. तिथून बेलबाग चौक पाच-सात मिनिटं. तर कल्पना करा, एवढे पैसे घालून, एवढी वर्षं शहर खणून आपण माणसाला तुळशीबागेच्या दारात जमिनीतून वर काढलं, आणि तो वर येऊन पहिलं पाऊल टाकतो ते कुठे? लावलेल्या स्कूटरींच्या मधल्या फटीत. पार्किंग मागणाऱ्या एकाही निवेदनात 'मंडई स्टेशनपासून आमच्या दुकानापर्यंत सलग पदपथ द्या' असं वाक्य मी पाहिलेलं नाही. फुकटात चालून आलेलं गिऱ्हाईक आहे हो ते!

बरं, रस्ता मोकळा केला, बाकं टाकली, म्हणजे झालं? अजिबात नाही. इथं मला सुशोभीकरणवाल्यांशीही भांडायचंय. दगडी फरशी, जुन्या घाटाचे दिव्याचे खांब आणि संगणकावर काढलेल्या चित्रात हातात फुगा घेतलेली एक गोरी मुलगी, यांना लोक 'व्हिजन' म्हणतात. दिल्लीचा चांदणी चौक बघा. लाल किल्ल्यासमोरून फतेहपुरीपर्यंतचा साधारण १.३ किलोमीटरचा रस्ता नव्याने केला, सप्टेंबर २०२१ मध्ये उद्घाटन झालं, सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी. काम देखणं होतं. पुढे दगडी खांब तुटले, बंदी ढिली पडली, दुचाक्या घुसल्या, तक्रारी कोर्टापर्यंत गेल्या. बांधणारे होते, नंतर रोज सकाळी उठून तो रस्ता सांभाळणारं कुणी नव्हतं. बंगळूरच्या चर्च स्ट्रीटवर आपल्यातल्या बहुतेकांनी बिअर प्यायली आहे. तिथं नोव्हेंबर २०२० मध्ये शनिवार-रविवार गाड्या बंद केल्या होत्या, काही महिने चाललं आणि मग थांबलं. पुण्यातच जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद केले, तिथं संध्याकाळी म्हातारी माणसं आणि कॉलेजची पोरं शेजारी शेजारी बसलेली दिसतात. पुणेकर बसतो, चालतो, जागा मिळाली की वापरतो. पण जंगली महाराज रस्ता मुळात ऐसपैस, आणि त्याच्या दुकानांवर पडायला आलेले वाडे नाहीत.

आता वाड्यांकडे येतो. माझ्या मते निम्मं दुखणं रस्त्यावर नाही, रस्त्याच्या वर आहे. मान वर करून चाला एकदा. खाली झगझगीत काच, आणि वर लाकडी गॅलरी, तुटलेले गज, बंद खिडक्या, ताडपत्री. वरच्या मजल्यांवर पूर्वी माणसं राहायची. वकिलांच्या कचेऱ्या, शिकवण्या, शिंपी, दवाखाने असायचे. आता बहुतेक ठिकाणी गोडाऊन. रात्री दुकानं बंद झाली की रस्ता मिट्ट. जिथं कुणी राहतच नाही, तिथं सकाळी दूध घ्यायला कोण उतरणार आणि रात्री चहा प्यायला कोण थांबणार?

याच्या मुळाशी भाड्याचा कायदा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. जुन्या गोठलेल्या भाड्यावर मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ. म्हणजे २००० साली २०० रुपये भाडं असलं तर पंचवीस वर्षांनी, चक्रवाढ धरूनही, ५३३. एवढ्यात वाड्याचं एक वासं बदलून होत नाही. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू करत नाही कारण घर त्याचं नाही, आणि सोडतही नाही कारण सोडलं तर गेलं. दोघेही एकमेकांच्या मरणाची, नाहीतर वाडा पडण्याची वाट बघत बसलेले. भाडेकरूचं संरक्षण काढून टाका असं मी म्हणत नाहीये. चाळीस वर्षं तिथं राहिलेल्या काकूंना रस्त्यावर काढून बाजार सजवायचा असेल तर नको तो बाजार. पण याच कायद्यात एक मेख आहे. बँका, सरकारी कंपन्या, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि ज्यांचं भरणा झालेलं भांडवल एक कोटी किंवा जास्त आहे अशा कंपन्या यांना हे संरक्षण नाही. साहजिकच मालकाला भाडेकरू म्हणून आवडतात त्याच. मग जागा रिकामी झाली की येतो मोठा ब्रँड, तीन दुकानं एक करून. जो मॉलमध्ये आहे तोच, तीच काच, तोच माल. मग माणसाने लक्ष्मी रोडला यायचंच कशाला?

वरचे मजले पुन्हा राहते झाले पाहिजेत, आणि त्यासाठी मालक, भाडेकरू आणि महापालिका यांनी एकत्र बसून दुरुस्तीचा खर्च कोण किती उचलणार, दुरुस्तीनंतर भाडं किती, भाडेकरूचा हक्क कायम कसा, हे वाड्यावाड्याने ठरवायला लागेल. कटकटीचं काम आहे. फीत कापायला मिळत नाही.

पथारीवाल्यांचंही तसंच. २०१४ चा केंद्राचा कायदा स्वच्छ सांगतो की विक्रेत्यांची पाहणी करा, त्यांना प्रमाणपत्र द्या, नगर पथविक्रेता समिती नेमा आणि तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी निवडून आलेले विक्रेते असू देत. आपल्याकडे चालतं ते वेगळंच. कारवाई, माल जप्त, दंडाची पावती, दोन दिवसांनी पुन्हा तिथंच. आणि दुकानदार? 'पथारीवाल्यांनी रस्ता खाल्ला' म्हणणाऱ्याच्याच दुकानाचे तीन पुतळे, एक स्टूल आणि 'भव्य सेल'चा फलक पदपथावर उभा असतो. तुळशीबागेतल्या पथारीवाल्या बायका उठवल्या तर आतल्या दुकानांचा धंदा वाढेल असं ज्याला वाटतं त्याने तुळशीबाग कधी पाहिलेलीच नाही. पंधरा रुपयांच्या क्लिपा बघायला थांबलेली मुलगीच पुढे पंधराशेचा ड्रेस घेते.

अजून एक जमात आहे. गाव सोडून कोथरूड-बाणेरला गेलेली आणि पेठांच्या आठवणींनी गहिवरणारी. 'काय ते दिवस होते' म्हणून फॉरवर्ड पाठवायचे आणि साडी ऑनलाइन मागवायची. तुमच्या गहिवराने कुणाच्या दुकानाचं वीजबिल भरलं जात नाही, काका.

तर मग करायचं काय? मला हवंय एक टेबल, आणि त्याला अधिकार. अलका ते बेलबाग एवढ्याच पट्ट्यापुरती एक समिती. दुकानदार, त्यांच्याकडे काम करणाऱ्यांचा एक प्रतिनिधी, पथारीवाले, वर राहणारे भाडेकरू, वाडामालक, महापालिकेचा एकच अधिकारी जो सगळ्या विभागांच्या वतीने 'हो' किंवा 'नाही' म्हणू शकेल, आणि वाहतूक पोलीस. महिन्यातून एकदा, दार उघडं ठेवून. पैसा? रस्त्याकडेच्या पार्किंगला पैसे लावा आणि ते महापालिकेच्या तिजोरीत न घालता याच पट्ट्याच्या स्वच्छतागृहांना, बाकांना, झाडणाऱ्याला द्या. दुकानदाराला जेव्हा दिसेल की समोरच्या गाडीचे वीस रुपये त्याच्याच दारातल्या दिव्याला लागतायत, तेव्हा तो बोंब मारायच्या आधी दोनदा विचार करेल. नागरिकांनी अंदाजपत्रकात कामं सुचवायची पद्धत पुण्यात २००६ पासून आहे. आपण तिच्यातून बाकं आणि नावाच्या पाट्या मागत आलो. त्याच वाटेने हे मागा.

आणि पहिला प्रयोग सहा महिन्यांचा. दर शनिवार-रविवार संध्याकाळी चार ते दहा, कुंटे चौक ते बेलबाग, गाड्या बंद. माल सकाळी दहाच्या आत उतरवायचा. अँब्युलन्स आणि बंबासाठी मधली पट्टी मोकळी. चालता न येणाऱ्यांसाठी दोन्ही टोकांना छोटी बस. २०२१ साली पेठांमध्ये दहा रुपयांत दिवसभर फिरवणारी 'पुण्यदशम' काढलीच होती की पीएमपीने, कल्पना तीच. सहा महिने आधीचे आणि सहा महिन्यांतले दुकानांचे बिलांचे आकडे, नाव न घालता, समोर ठेवायचे. रक्कम नका सांगू, बिलांची संख्या सांगा. कमी झाली तर बंद करू, मी स्वतः निवेदनावर सही करीन.

पण त्याआधी निदान मोजायला तर लागू. लक्ष्मी रोडवर किती माणसं चालत येतात, कुठून येतात, किती वेळ थांबतात, हे कुणी पद्धतशीर मोजून दुकानदारांसमोर ठेवलंय का? मला तरी सापडलं नाही. म्हणून साधा तक्ता केलाय. दर पंधरा मिनिटांनी किती माणसं गेली, बायका किती, म्हातारे किती, हातात पिशवी असलेले किती, आणि समोरच्या दहा गाड्यांपैकी किती हलल्या. रविवारी संध्याकाळी पाच ते आठ, कुंटे चौक आणि बेलबाग चौक, दोन्हीकडे दोन-दोन माणसं. चौघं लागतील. मी धरून तिघं झालोत. बेलबागेच्या बाजूला एक जागा रिकामी आहे. गाडी आणू नका, मंडईला उतरा.